सोबतीची चाल

सात चाली पुढे पोचल्याशिवाय नवशिक्याने मोहऱ्याला हात लावायचा नाही, हा उंबरगव्हाण बुद्धिबळ मंडळाचा पहिला नियम होता, आणि पहिल्या नियमाबद्दल काही विचारायचं नाही, हा दुसरा. पोचायचं म्हणजे खरोखरच पोचायचं. उंबरगव्हाणात जो माणूस डोळे मिटून पुढच्या चाली पाही, तो त्या चालींमध्येच जाऊन राही. शरीर खुर्चीत असे, पुढ्यात चहा ठेवला तर घेई, पण बोलणं तिकडचं असे. डाव खेळत खेळत तिथवर पोचला की तो माणूस पुन्हा चारचौघांत आलेला असे.

मंडळाचा हॉल खरेदी-विक्री संघाच्या खताच्या गोदामावर होता. संध्याकाळी जिना चढून गेलं की युरियाचा वास आणि पुढे गेलेली वडीलधारी मंडळी, दोन्ही एकदमच भेटत. अध्यक्ष श्रीपाल मगदूम बहुधा पंधरा चाली पुढे असत, चिटणीस बाबूराव ऐतवडे अकरा-बारा. त्यांच्याशी जपून बोलावं लागे, कारण आपण विचारणार त्या प्रश्नाचं उत्तर ते आधीच देऊन बसलेले असत. एकदा ऐतवड्यांनी मंडळाच्या सुतार सरांना, गुडघा आता कसा आहे, म्हणून विचारलं. सरांचा गुडघा ठणठणीत होता. पण चिटणीस एवढ्या आपुलकीने विचारतात तर बरं दिसत नाही, म्हणून सर घरी जाताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बेताने पडले.

याला गावात सोबत म्हणत. वडीलधारं माणूस पुढे गेलं की धाकट्याने त्यांनी पाहिलेलीच चाल खेळायची. मग डाव त्यांच्यापर्यंत जातो आणि ते माणूस तिथे एकटं पडत नाही. कोणती चाल ते चिटणीस मोठ्याने सांगत आणि धाकटा ती खेळे. या रिवाजामुळे उंबरगव्हाणातल्या वडीलधाऱ्यांचं पुढचं पाहणं आजवर चुकलेलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

अपवाद एक, वसंतराव गुरव. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाहेरगावच्या औषधविक्रेत्याशी खेळताना वसंतराव नऊ चाली पुढे गेले. पाहुण्याला रिवाज ठाऊक नव्हता. त्याने मध्येच वजीर भलतीकडे नेला, डाव जिंकला, सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटच्या एसटीने निघून गेला. वसंतराव तेव्हापासून त्या न खेळल्या गेलेल्या डावात आहेत. ते हॉलच्या खिडकीशी बसतात. त्यांच्या डावात हॉलच्या पिवळ्या भिंतींना नुकताच हिरवा रंग दिलेला आहे, त्यामुळे कोणी भिंतीला टेकलं की ते सांगतात, रंग ओला आहे, शर्ट खराब होईल. त्यांच्या सोबतीसाठी भिंती हिरव्या करून घ्याव्यात, असा ठराव दर वार्षिक सभेत येतो. हिरवा कोणता, असं वसंतरावांना विचारलं तर ते आंब्याच्या पानासारखा म्हणतात. पान कोवळं की जून, यावर सभेत एकमत होत नाही.

शलाका ही अध्यक्षांची सख्खी पुतणी. ती कोल्हापुरात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिथे वसतिगृहाच्या खोलीत पलंगावर पट मांडून चार मुलींबरोबर वाटेल तशी खेळली होती, हरली होती, पुन्हा खेळली होती. मागच्या वर्षी ती परत आली आणि मंडळाने नवशिक्यांचा वर्ग तिच्याकडे सोपवला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. त्या वर्गात काही घडतच नसे. सहा-सात माणसं पटासमोर मांडीवर हात ठेवून बसत. पाडव्याला नाव घातलेल्या माणसाने दिवाळीपर्यंत प्याद्याला बोट लावलेलं नसे. सात चाली कोणाला दिसत नव्हत्या, आणि ज्याला दिसतील असं वाटे त्याला जायची भीती वाटे. सोबत मोठ्यांना करायची असते. नवशिक्याला कोण करणार? वर्गातल्या मोहऱ्यांवरचं दुकानातलं पॉलिश अजून जसंच्या तसं होतं.

पहिल्याच आठवड्यात शलाकाने काकांना विचारलं, "सातच का?"

"बरं झालं, पटलं तुला," काका म्हणाले. ते तेव्हा बरेच पुढे होते.

तिला पटलं नव्हतं. तिचा स्वभाव मुळात तापट, त्यात समोरचा माणूस तिच्या रागाला आधीच क्षमा करून मोकळा झालेला, म्हणजे आणखीच डोकं फिरायची पाळी. ती तणतणत वर्गात गेली आणि सगळ्यांना म्हणाली, हात वर घ्या मांडीवरून.

मग तिने आपल्या पद्धतीने शिकवायला घेतलं. आपली एक चाल बघायची, त्यावर समोरचा काय करील ते बघायचं, आणि त्यावर आपण काय करू ते. एवढंच. कुठे शह बसतोय का, काही फुकट मारलं जातंय का, आपलं एखादं मोहरं उघडं पडलंय का. मग उचलायचं आणि खेळायचं. समोरच्याने चाल केली की पुन्हा पहिल्यापासून बघायचं, कारण आपण ठरवलं तसंच खेळायला तो काही बांधलेला नाही.

हे शेवटचं वाक्य त्या हॉलमध्ये पूर्वी कोणी उच्चारलेलं नव्हतं. झेरॉक्सवाले मुल्लाभाई म्हणाले, "बांधलेला नाही?"

"नाही."

"मग मॅडम, आम्ही वर्षभर काय करत होतो?"

"बसला होतात," शलाका म्हणाली.

त्या संध्याकाळी वर्गात पहिल्यांदा मोहरे हलले. मुल्लाभाईंनी आपला घोडा नको तिथे नेऊन घालवला आणि इतके खूश झाले की दुसऱ्या डावातही घालवला. खालच्या गोदामाचा हमाल वर येऊन विचारून गेला, काय कार्यक्रम आहे का.

वर्गात नियमाची सगळ्यांत चाड होती ती यमुनाताई सनदींना. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, सांगितलेलं काम अर्धवट सोडणं त्यांना माहीत नव्हतं. शलाका दोन-तीनच चाली म्हणते, पण नियम सातचा आहे, म्हणून एका बुधवारी त्या पदर खोचून बसल्या, डोळे मिटले आणि निघाल्या. तिसऱ्या-चौथ्या चालीलाच त्यांचा चेहरा उतरला. वजीर गेला हो माझा, असं त्या हळूच म्हणाल्या. समोर मुल्लाभाई होते. त्यांनी वजीर मारलाच नाही. मारता येतो हे त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांनी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

आता यमुनाताई वसंतरावांशेजारी बसणार, खिडकीशी दुसरी खुर्ची मावेल का, असा विचार दोघा-तिघांच्या मनात येऊन गेला. यमुनाताईंनी एक डोळा उघडला आणि पटाकडे पाहिलं. वजीर जागेवर होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "चुकलंच की माझं."

आणि त्या परत आल्या. पदर सारखा केला, मुल्लाभाईंच्या कडेच्या प्याद्याकडे पाहून जरा हसल्या आणि पुढच्या चालीचा विचार करू लागल्या.

डाव पोचलेला नसताना माणूस परत आल्याचं हे पहिलंच उदाहरण. शलाका ते घेऊन समितीपुढे गेली. तिचं म्हणणं साधं होतं. चुकलं म्हटलं की परत येता येतं, तर हे आधी वसंतरावांना सांगा, मग स्वतःलाही सांगा. समितीने यावर गांभीर्याने विचार केला आणि कळवलं की ज्या अर्थी श्रीमती सनदी परत आल्या, त्या अर्थी त्या गेल्याच नव्हत्या. वर्गात मोहऱ्यांना हात लागत असल्याचं मात्र समितीच्या कानावर आलं होतं. तेव्हा अध्यक्ष आणि शलाका यांचा एक डाव व्हावा. शलाका जिंकली तर नवशिक्यांनी दोन-तीन चाली पाहाव्यात. ती हरली तर नियम राहील, वर्ग ऐतवड्यांकडे जाईल आणि ती मंडळात खेळायला येणार नाही. शलाकाने ऐतवड्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

डाव रविवारी होता. काका शुक्रवारी सकाळी अंघोळ करून देवाला नमस्कार करून पुढे गेले, आणि त्यांच्यामागे त्याच वाटेने अख्खी समिती गेली. दुपारपर्यंत गावात बातमी होती. दहाव्या चालीला शलाका घोडा मागे घेते, तिथून डाव घसरत जातो, आणि अखेर ती राजा आडवा ठेवून नमस्कार करते. त्यापुढचंही काकांना दिसलं होतं. शलाका तालुक्याच्या पतसंस्थेत कामाला लागली आहे. टेबल खिडकीपाशी आहे. काकांना फार समाधान वाटत होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिच्या नोकरीबद्दल पेढे घ्यायला सांगत होते. म्हणून कोणीतरी पेढे आणले. शनिवारी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी फोन करून शलाकाच्या वडिलांना कळवलं की रिकामी जागा तशी नाही, पण टेबल खिडकीपाशी सरकवून घेतलं आहे.

वडिलांनी फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "दादांचा शब्द आहे."

"नोकरी माझी आहे, बाबा. काका बोलतायत एवढंच."

त्या संध्याकाळी काकू आली. तिने पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली आणि शलाकाच्या समोर बसून निवडायला घेतली. काकूला बोलायचं असलं की हाताला काम लागे.

"परवा यांनी आमटीचं कौतुक केलं," काकू म्हणाली. "मी कढी केली होती. मग कढी शेजारी दिली आणि आमटी केली. लग्न झाल्यापासून असंच आहे, त्याचं मला काही नाही. पण तू वेगळं खेळलीस तर ते तिथेच राहतील गं. मग मी रोज कोणासाठी ताट वाढू?"

"तुला कढी आवडते ना?"

"प्रश्न कढीचा नाहीये, शलाका."

"कढीचाच आहे, काकू."

काकूने देठं एका बाजूला केली, पानं दुसऱ्या, आणि उठताना शलाकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "त्यांना सोबत कर," ती म्हणाली. "वसंतरावांची बायको कशी दिसते हल्ली, तू पाहिलं आहेस."

पाहिलं होतं. शलाकाला त्याच गोष्टीची भीती होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. काकांनीच तिला बुद्धिबळ शिकवलं होतं. ती शाळेतही जात नव्हती तेव्हा, काकांच्या घरच्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर ते तिला घोडा करून उभं करत. अडीच घरं, दोन सरळ आणि एक आडवं, आणि शेवटच्या घरात उडी. ती चुकीच्या फरशीवर पडली की तेही मुद्दाम चुकीच्या फरशीवर उडी मारत आणि दोघं हसत बसत. काका तेव्हा अजून इकडेच असत. अध्यक्ष झाल्यापासून ते तिच्याशी बोलत, पण ते कायम पंधरा चालींनी मोठ्या झालेल्या शलाकाशी. इकडच्या शलाकाशी ते शेवटचं कधी बोलले, हे तिला आठवत नव्हतं. घोडा मागे घेतला तर काका मिळतील, पण पतसंस्थेतल्या खिडकीपाशी. आणि नाही घेतला तर कदाचित कुठेच नाही.

रविवारी हॉल भरला होता. नवशिक्यांचा वर्ग मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि वसंतराव त्यांना शर्टाबद्दल सांगत होते. काकू पहिल्या रांगेत होती, पेढ्यांचा खोका तिच्या मांडीवर होता. काकांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. डोळे उघडे होते, पण ते शलाकाच्या जरा मागे, जिथे ती आता नव्हती तिथे बघत होते.

ऐतवडे उभे राहून चाली सांगत होते. पहिल्या नऊ चाली तिने सांगितल्याप्रमाणे खेळल्या. त्या तिने एरवीही खेळल्याच असत्या, उगाच वाद कशाला. प्रत्येक चालीला हॉलमध्ये सुटकेचा निःश्वास ऐकू येई. नवव्या चालीला कोणीतरी पेढ्यांच्या खोक्याचा दोरा सोडला. काकांनी आपला उंट तिच्या घोड्यावर रोखला.

"सोबतीची चाल," ऐतवडे म्हणाले. "घोडा मागे."

शलाकाने पटाकडे पाहिलं. आपली एक चाल, त्यावर काकांचं उत्तर, त्यावर आपलं. घोडा मागे घेतला की काकांचा उंट मधोमध येऊन बसतो आणि आपण कोंडले जातो. घोडा तिथेच ठेवून मधलं प्यादं पुढे ढकललं तर काका घोडा मारतील, ती उंट मारील, आणि मग पट मोकळा होईल. त्यानंतर काय, ते तिला दिसत नव्हतं. दिसायची गरजही वाटली नाही. तेव्हाचं तेव्हा बघता येईल.

"काका," ती म्हणाली, "तिकडे मी कशी आहे?"

"पतसंस्थेत आहेस, बाळ. टेबल खिडकीशी आहे."

"खूश आहे का मी?"

पंधरा चाली पुढून काका बराच वेळ काहीतरी शोधत होते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"ते नाही पाहिलं," ते म्हणाले. "चाली पाहिल्या."

"घोडा मागे," ऐतवडे म्हणाले.

"ऐकू आलं, चिटणीसकाका."

"मग घे. खोळंबलेत सगळे तिकडे."

शलाकाने हात उचलला. काकूने मांडीवरचा खोका घट्ट धरला. शलाकाने घोड्याला हात लावला नाही. मधलं प्यादं उचललं, एक घर पुढे ठेवलं आणि घड्याळाची कळ दाबली.

"मी सोबत करणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "मी इथे आहे, काका. तुम्हाला यायचं असलं तर पटाकडे बघा आणि चुकलं म्हणा. यमुनाताईंना जमलं. तुम्हालाही जमेल."

ऐतवड्यांनी पुढची चाल सांगायला तोंड उघडलं. ते ज्या डावात होते तिथे घोडा मागे गेलेला होता आणि वर्ग त्यांच्याकडे आलेला होता. या पटावर सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि ते खाली बसले. सुतार सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. समितीतल्या इतरांनी एकमेकांकडे बघण्याचा प्रयत्न केला, पण ते सगळे एकाच ठिकाणी असल्यामुळे तिथे एकमेकांकडून कळण्यासारखं काही नव्हतं. काका पटाकडे बघत नव्हते. त्यांचे ओठ एकदा हलले. शब्द आला नाही. काकूने खोका खाली ठेवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढून ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

खिडकीशी वसंतराव उठून उभे राहिले. त्यांनी भिंतीला एक बोट लावलं आणि ते बोट उजेडात धरून उलटसुलट करून पाहिलं; त्याला रंग लागला नव्हता. मग ते पटाजवळ आले.

"चाल कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"काकांची," शलाका म्हणाली.

घड्याळ काकांच्या बाजूने चालू होतं. पुढची चाल वडीलधाऱ्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हती.